मुठीतली वाळू

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीवर एका मित्राने मला एकदा विचारलं, "तुमच्यात बरं असतंय नव्हं? येशूनं सगळ्यांचं पाप आधीच फेडलंय, म्हंजे तुम्ही मोकळे. आमच्यात ज्याचं त्यानं भोगायचं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कुतूहल होतं, थोडा हेवाही असेल. मी काहीतरी पुटपुटलो आणि चहाचे पैसे देऊन उठलो. त्याला उत्तर देता आलं नाही, कारण तेव्हा मी नेमका त्याच समजुतीवर जगत होतो.

ही गोष्ट सांगायची तर आधी वाळूबद्दल सांगावं लागेल.

ऑइल इंजिनांचे सुटे भाग करता करता कोल्हापूरचा फौंड्रीचा, म्हणजे लोखंड ओतायचा, धंदा वाढला. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात आजही हजारो घरं या लोखंडावर जेवतात. साचा वाळूचा असतो. वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि मोजकं पाणी मिसळतात. पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर त्याहून वाईट होतं. १३५०-१४०० अंशांचं लोखंड साच्यात पडलं की वाळूतल्या ओलीची क्षणात वाफ होते आणि ती वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. तिला बाहेर पडायला वाट हवी. म्हणून मोल्डर साचा ठोकून झाल्यावर बारीक सळईने त्याला भोकं पाडतो. वाट मिळाली नाही तर वाफ लोखंडातच अडकते आणि आत पोकळी राहते. तिला आम्ही ब्लो होल म्हणतो. वरून कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, गुळगुळीत दिसतं, ठोकलं तर वाजतंही नीट. मशीनवर चढवून वरचा थर कापला की मग आतलं भगदाड दिसतं.

१९९७ च्या पावसाळ्यात मी चोवीस वर्षांचा होतो. डिप्लोमा करून एका फौंड्रीत तपासणीच्या कामाला लागलो होतो. रोज सकाळी वाळूतली ओल मोजणं हे माझं काम. थोडी वाळू तोलायची, डबीत घालायची, त्यात कॅल्शियम कार्बाइडची पूड टाकायची, झाकण आवळून डबी हलवायची आणि तबकडीवरचा काटा थांबला की आकडा वहीत लिहायचा. सगळं मिळून दहा मिनिटं लागत.

जुलैतल्या त्या सकाळी मी उशिरा आलो. पाऊस धो धो कोसळत होता, शेडचा एक पत्रा गळत होता, वाळूच्या ढिगाला पाणी लागलेलं समोर दिसत होतं. पण भट्टी तापली होती, माणसं खोळंबली होती. मी डबीला हातही लावला नाही. आदल्या दिवशीचा आकडा वहीत उतरवला, ३.५, आणि खाली सही केली.

आठ-दहा दिवसांनी माल परत आला. मशीनिंगला ब्लो होल निघाले होते. मालकांनी वही मागवली. वहीत ओल बरोबर होती. मग दोष कुणाचा? सळई नीट मारली नसणार. ते साचे ज्यांनी भरले त्या मोल्डरला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. पन्नाशीकडे झुकलेले, बोटांच्या चिरांत कोळसा कायमचा बसलेला. मालक बरंच बोलले. मामांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घातली. मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला माझ्याकडे पुरेसा वेळ होता.

मामांचे दोन आठवड्यांचे पैसे कापले. पुढच्या महिन्यात त्यांना कामावर यायचं नाही असं सांगण्यात आलं. "माल खराब करतोय" ही ख्याती एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायला वेळ लागत नाही. नंतर ते कुठे गेले हे मी विचारलं नाही. मुद्दामच विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मंदिरात प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. आधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी आणि मगच त्या भाकरीला हात लावावा, असं पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं वचन पाळकसाहेबांनी वाचलं. आम्ही सगळ्यांनी मिळून पापांची कबुली म्हटली. मी मान खाली घालून मनात देवाला सगळं सांगितलं. वहीचं सांगितलं, आकड्याचं सांगितलं, डोळ्यांत पाणीही आलं. भाकर घेतली, प्याला घेतला. मंदिरातून बाहेर पडलो तेव्हा खरंच हलकं वाटलं.

ते हलकं वाटणं खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. पण तेवढ्यावर मी बावीस वर्षं काढली.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले आणि इथली मराठी मंडळी हळूहळू उभी राहिली. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने त्यांना वाळीत टाकलं. विहिरीचं पाणी तुटलं, लग्नाकार्याची बोलावणी तुटली. त्यांनी विश्वासासाठी एवढी किंमत मोजली. त्याच विश्वासात वाढलेल्या मला एक वाक्य बोलायचं होतं, "साहेब, त्या दिवशी मी ओल मोजली नव्हती," आणि त्याचीही किंमत मोजायची माझी तयारी नव्हती. ही तुलना मनात आली की आजही मला पणजोबांच्या फोटोसमोर उभं राहवत नाही.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात 'पश्चात्ताप' हा शब्द जागोजागी येतो. शब्द आपल्या मातीतला आहे, मागाहून होणारा ताप. चटका नंतर बसतो, हे त्यात अचूक पकडलंय. पण मूळ भाषांतल्या शब्दांत केवळ चटका नाही. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन बदलणं. जुन्या करारातले संदेष्टे इस्राएलला हाक मारताना जो हिब्रू शब्द वापरतात तो 'शूव', अगदी रोजच्या चालण्याबोलण्यातला: मागे फीर, परत ये. वाट चुकलेल्या माणसाला आपण म्हणतो ना, "अहो, फिरा मागं," तसाच. पापासाठी जो ग्रीक शब्द आहे, 'हमार्तिया', त्यातही नेम चुकल्याचा अर्थ आहे. म्हणजे चुकीच्या दिशेला गेलेलं काहीतरी परत वळवायचं आहे. ताप होऊन तापातच बसून राहिलं तर पावलं अजून वळलेली नसतात. मला ताप भरपूर होता. पावलं तिथेच होती.

येशूला धरून देणारा शिष्य यहुदा, त्याचं मला नेहमी फार वाईट वाटतं. मत्तयाने लिहिलंय की येशूला दोषी ठरवल्याचं पाहिल्यावर त्याला पस्तावा झाला. त्याने रुप्याची तीस नाणी परत नेली, मी पाप केलं असं तोंडाने म्हणाला. ताप झाला, कबुलीही झाली, पैसेही परत गेले. कमी काय पडलं? मला वाटतं, तो दार चुकला. ज्यांनी पैसे दिले होते त्या याजकांकडे तो गेला आणि ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू पाहा. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो गेला नाही. दुसरा शिष्य पेत्र, त्याने तर येशूची ओळख तीनदा नाकारली होती, शपथही वाहिली होती. तोही रडला, पण पुढे समुद्राच्या किनाऱ्यावर येशूच्या समोर आला. योहानाच्या शुभवर्तमानात एक बारीक गोष्ट आहे, आणि भट्टीवर आयुष्य गेल्यामुळे असेल, ती माझ्या मनातून जात नाही. पेत्राने नाकारलं तेव्हा तो अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर येशूने समुद्रकाठी मासे भाजायला मांडला होता तोही कोळशाचाच विस्तव. दोन्ही ठिकाणी ग्रीक शब्द तोच आहे. जिथे नाकारलं तशाच विस्तवासमोर बसवून त्याने पेत्राला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला, असं योहान लिहितो. ती माफी सोपी नव्हती.

आणि प्रायश्चित्त? हा शब्दही आपण हिंदू धर्मशास्त्रांतून उचलला. तिथे प्रायश्चित्त माणसाने करायचं असतं: उपवास, स्नान, दान, पापाच्या वजनाप्रमाणे. आपल्या जुन्या करारात, लेवीयच्या सोळाव्या अध्यायात, प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणतात. एकाचा बळी होतो. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवतो, लोकांची सगळी पापं उच्चारतो आणि त्या बकऱ्याला रानात सोडून देतात. हा प्रायश्चित्ताचा हिब्रू शब्द 'काफर' या धातूपासून येतो. झाकणे, पुसून टाकणे असे दोन्ही अर्थ अभ्यासक लावतात. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र म्हणतं की ही सारी छाया होती. ख्रिस्ताने एकदाच, सर्वकाळासाठी स्वतःचं अर्पण केलं. यावर माझा विश्वास आहे, पूर्ण विश्वास आहे. माझी गफलत वेगळीच होती. 'झाकणे' हा अर्थ मी फौंड्रीतल्या अर्थाने घेतला होता.

आमच्याकडे कास्टिंगवर लहान भोक दिसलं तर काही ठिकाणी त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, घासतात, वर रंग मारतात आणि माल पाठवून देतात. मी ख्रिस्ताच्या रक्ताची लांबी केली होती. हे वाक्य लिहिताना हात थरथरतो, पण दुसऱ्या शब्दांत ते सांगता येत नाही. जर्मन पाळक डीट्रिश बोनहॉफर, ज्यांना १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी फाशी दिली, ते याला स्वस्त कृपा म्हणत. पश्चात्तापावाचून माफी, ही त्या स्वस्ताईची एक खूण त्यांनी सांगितली आहे.

खरोखर बिघडलेल्या कास्टिंगचं काय करतात ते मी रोज पाहत होतो. घणाने फोडतात आणि पुन्हा भट्टीत टाकतात. लोखंड वाया जात नाही. स्तोत्र ५१ मध्ये देवाला आवडणाऱ्या हृदयासाठी दोन शब्द आहेत, भग्न आणि अनुतप्त. फुटलेलं आणि तापलेलं. दावीदाच्या नावाचंच आणखी एक स्तोत्र आहे, बत्तिसावं. त्यात तो म्हणतो, मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. वाट न मिळालेली वाफ काय करते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

२०१९ च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, आमच्या वचन-अभ्यासाला डोंगरावरचं प्रवचन होतं. मत्तय ५, वचनं २३ आणि २४. वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच वेदीपुढे ठेव आणि निघून जा. आधी भावाशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. हे वचन मला पाठ होतं. संडे स्कूलमध्ये म्हणून बक्षीसही मिळवलं होतं. त्या संध्याकाळी 'निघून जा' हे दोन शब्द नव्याने वाचल्यासारखे वाटले. देव इथे उपासना अर्धवट टाकायला सांगतोय. यहुदी गुरूंच्या मिश्नामध्येही हेच आहे: माणूस आणि देव यांच्यातल्या पापांचं प्रायश्चित्ताच्या दिवशी होतं, पण माणसामाणसांतल्या पापांचं होत नाही, त्या माणसाची समजूत काढेपर्यंत. येशूच्या श्रोत्यांच्या कानाला ही भाषा परकी नसणार.

मी एका जुन्या फेटलिंगवाल्याला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्याला, फोन केला. पत्ता मिळायला दहा मिनिटं लागली. बावीस वर्षं जे अवघड वाटत होतं ते दहा मिनिटांचं काम निघालं, वाळूची ओल मोजण्याइतकं.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीच्या शनिवारी गेलो. पन्हाळ्याच्या रस्त्याला लागून असलेलं गाव, दारात म्हैस, वैरणीची गंजी. मामा ओसरीवर खाटेवर बसले होते. पंचाहत्तरीच्या आसपास, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी नाव सांगितलं तर लगेच म्हणाले, "या की साहेब." त्या 'साहेब'ने मी निम्मा मोडलो. चहा आला. पाठ केलेलं सगळं विसरून मी एकदम बोलून टाकलं. त्या दिवशी ओल मी मोजली नव्हती. आकडा खोटा होता. साचे तुमचे चांगले होते.

मामा बराच वेळ म्हशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला ठावं हुतं."

मी गप्प.

"सकाळी मूठ आवळून बघितली हुती वाळू. मूठ उघडल्यावर बोटाला चिकटून ऱ्हाईली. तवाच कळलं पाणी जास्त हाय." त्यांनी खरोखर मूठ आवळून उघडून दाखवली. चाळीस वर्षं वाळू हाताळलेला तळवा, आता सुरकुतलेला, पण बोटं अजून तशीच वळत होती. "सळई बी दुप्पट मारली हुती. न्हाई भागलं."

"मग तुम्ही बोलला का नाही मामा?"

"माज्या मुठीला कोण इचारतंय? वहीत लिवलं हुतं न्हवं."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी सोबत पैसे नेले होते. शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराने ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत देईन म्हटलं होतं. नियमशास्त्रात फसवणुकीला मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा एवढंच सांगितलेलं असताना त्याने आपण होऊन मेंढरू चोरणाऱ्याचा दंड स्वतःला लावून घेतला. मीही रात्री बसून हिशेब केला होता, कापलेले पैसे, बुडालेल्या महिन्यांची मजुरी, आणि त्याची चौपट. पाकीट पुढे केलं. मामांनी ते हातात घेतलं नाही, खाटेवरच पडून राहिलं. ते म्हणाले, "पैशाचं ऱ्हाऊ द्या. माज्या पोराला सांगा. त्याला वाटतंय बापानं काम बिघडवलं म्हणून गेलं."

मुलगा संध्याकाळी आला. दुधाचा टेम्पो चालवतो. मी अंगणातच उभा राहून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, किल्ली बोटात फिरवत. मग विचारलं, "कुठलं साल म्हणालासा?"

"सत्त्याण्णव."

"त्याच वर्षी मी शाळा सोडली. सातवीत होतो." एवढं बोलून तो गाडी धुवायला गेला.

परत येताना पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली. सातवीचं एक वर्ष चौपट करून कसं परत देतात? आठवी, नववी, दहावी यांचा हिशेब कोणत्या आकड्याने करायचा? वीस वर्षं बापाकडे त्या नजरेने पाहणाऱ्या पोराची ती नजर कुठून भरून आणायची? घरी बसून केलेला माझा हिशेब किती लहान होता! जाईपर्यंत मला वाटत होतं, माझ्यावर थोडी मजुरी आणि एक माफी एवढंच देणं आहे. दारात उभं राहिल्यावर कळलं की जे देणं आहे ते माझ्याने या जन्मात फिटणार नाही. त्या पुलाशी मला वधस्तंभाची गरज पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळली असं मी म्हणेन. त्याआधी मी ख्रिस्ताला माझ्या जागी त्या दारात पाठवत होतो. तो त्यासाठी मेला नाही. दारात मलाच जायचं होतं. जाऊनही जे उरतं, कुणाच्याच हाताने भरून येणार नाही असं जे उरतं, ते त्याने उचललं. टपरीवरच्या त्या मित्राला आता उत्तर द्यायचं तर मी हेच देईन: आम्ही मोकळे नाही रे. फिटणार नाही एवढं देणं असूनही आम्हाला उभं राहू दिलंय.

पुढच्या शुक्रवारी तीन तासांच्या उपासनेत मी मागच्या बाकावर बसलो होतो. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं नाही.

त्या वेळचे मालक आज हयात नाहीत. त्यांच्या मुलाला भेटून मी ती गोष्ट सांगितली. त्याला ते प्रकरण आठवतही नव्हतं. उद्यमनगरातल्या जुन्या ओळखीच्या चार-पाच जणांनाही सांगितलं, कारण मामांचं नाव त्यांच्यातच खराब झालं होतं. एकाने विचारलं, "आता कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, पुरलेलं मीच होतं.

त्या नाताळात घरी करंज्या केल्या तेव्हा एक डबा वेगळा काढला आणि गावाला गेलो. दार मुलाने उघडलं. माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. हसला नाही. डबा घेतला, दारातून थोडा बाजूला सरकला आणि म्हणाला, "आबा आत हायत."